गणिताचे प्राध्यापक आणि गुप्तरोगाचा हिशेब

खान्देशात एसटीने फिरताना गावाबाहेरच्या भिंतींवर आणि स्टँडच्या मुतारीशेजारी गुप्तरोगांवरच्या हमखास इलाजाच्या जाहिराती रंगवलेल्या दिसतात. वाचतात सगळे, बोलत कोणी नाही. जननेंद्रियावर पाणीदार फोड आले, आग होऊ लागली, लघवी करताना डोळ्यांत पाणी आले, की चाळीसगावचा माणूस नाशिक गाठतो आणि शिरपूरचा इंदूर. जळगाव-धुळ्यात चांगले डॉक्टर आहेत, पण दवाखान्याच्या बाकावर कोणी ओळखीचे भेटेल, ही धास्ती मोठी असते. बायका तर तेवढेही करत नाहीत. त्या आठ-दहा दिवस सोसतात, फोड सुकतात आणि विषय तिथेच संपतो. काही महिन्यांनी फोड पुन्हा येतात.

अशा फोडांचे एक नेहमीचे कारण म्हणजे जननेंद्रियाचा हर्पिस. हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूमुळे तो होतो. या विषाणूचे दोन प्रकार आहेत. पहिला बहुधा ओठांवर फोड आणतो, दुसरा जननेंद्रियावर. पण पहिलाही खाली पोहोचू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटी लोकांच्या शरीरात दुसऱ्या प्रकारचा विषाणू आहे. आपल्याकडे ज्याला नागीण म्हणतात तो आजार वेगळा. तो याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूचा आहे. दोन्हींच्या नावात हर्पिस असल्याने डॉक्टरांची चिठ्ठी वाचताना गोंधळ होतो.

हर्पिस परत परत येतो आणि म्हणून रुग्णापुढे एक प्रश्न उभा राहतो. दर वेळी फोड आले की गोळ्या घ्यायच्या, की फोड येऊच नयेत म्हणून रोज गोळी घ्यायची? आणि रोजची गोळी सुरू करायची तर केव्हा? या रोजच्या उपचाराला डॉक्टर सप्रेसिव्ह थेरपी म्हणतात. त्याचा साधा अर्थ, विषाणूला दाबून ठेवणारा उपचार. त्याबद्दल विचारायचे तर आधी आजाराचे नाव तोंडातून बाहेर पडावे लागते. महाराष्ट्रात अशा आजारांची नावे मोठ्याने घेतली म्हणून ज्या माणसाची नोकरी गेली आणि ज्याला कोर्टात दंड झाला, त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

मुरूडचा मुलगा

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणात, दापोलीजवळच्या मुरूडचा. वडील धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढचे महर्षी. आई राधाबाई. १८९१ मध्ये राधाबाई बाळंतपणात गेल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्या काळी घरोघरी बायका अशा जात आणि देवाची इच्छा म्हणून लोक गप्प बसत. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले आणि मुरूडच्या गावकऱ्यांनी घरावर बहिष्कार टाकला. बाळंतपणात मेलेली आई आणि एका लग्नासाठी वाळीत पडलेले घर, या दोन गोष्टी बारा वर्षांच्या आत या मुलाच्या वाट्याला आल्या.

मुलगा हुशार होता. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत तो पहिला आला. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक झाले. गणिताच्याच पुढच्या अभ्यासासाठी ते पॅरिसलाही गेले. वडिलांचा पिंड समाजसुधारकाचा, मुलाचा गणितज्ञाचा. एखादी गोष्ट का करावी, असे कोणी विचारले तर परंपरा आहे म्हणून, हे उत्तर त्यांना कधीच पुरले नाही. फायदा किती, तोटा किती, पुरावा काय, असे ते विचारत. माणसाच्या शरीराबद्दलचे प्रश्नही याच पद्धतीने सोडवावेत, असे त्यांचे म्हणणे होते.

गिरगावातले केंद्र

१९२१ मध्ये कर्वे यांनी मुंबईत गिरगावात संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. भारतातले हे असे पहिले केंद्र. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी ब्रिटनमधला पहिला असा दवाखाना उघडला होता. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. कर्वे डॉक्टर नव्हते. पण पाळणा कसा लांबवायचा, त्यासाठी कोणती साधने आहेत आणि ती कशी वापरायची, हे सरळ शब्दांत सांगायला कोणी तयार नव्हते. ते काम त्यांनी अंगावर घेतले. पत्नी मालतीबाईंची या कामात त्यांना साथ होती. दोघांनी ठरवून मूल होऊ दिले नाही. जे लोकांना सांगायचे, ते आधी घरात करायचे, असा हा संसार होता.

त्या वेळी ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवत. महाविद्यालय मिशनऱ्यांचे. तिथल्या प्राध्यापकाने उघडपणे संततिनियमनाचा प्रचार करावा, हे चालकांना पटणारे नव्हते. प्रचार सोडायचा की नोकरी, अशी वेळ आली आणि १९२५ मध्ये कर्वे यांनी नोकरी सोडली. चाळिशी ओलांडलेल्या, मॅट्रिकला पहिल्या आलेल्या माणसाच्या हाती त्यानंतर पैशांची ओढाताणच राहिली.

गुप्तरोग हा त्यांच्या कामाचाच भाग होता. या रोगांपासून बचाव कसा करावा, यावर त्यांनी मराठीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. तो काळ गरमी आणि परम्याचा. गरमीवर १९१० पासून आर्सेनिकची इंजेक्शने मिळत, पण ती महाग आणि त्रासदायक होती. पेनिसिलिन सर्वसामान्यांपर्यंत पोहोचायला दुसरे महायुद्ध संपावे लागले. तोवर बहुतेक रुग्ण वैदू, भोंदू आणि लाज यांच्या हवाली होते. कर्वे यांची भूमिका सोपी होती. गुप्तरोग हा इतर रोगांसारखाच जंतूंमुळे होणारा रोग आहे. जंतू माणसाची नीती पाहून शरीरात शिरत नाहीत. मग रोगाला पापाची शिक्षा समजून माणसाला उपचाराविना ठेवण्यात कोणती नीती?

समाजस्वास्थ्य आणि कोर्ट

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. ते जवळजवळ एकट्याच्या बळावर त्यांनी २६ वर्षे चालवले. त्यात लेख असत, टीका असे आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरेही असत. नवऱ्याला, बायकोला, आईबापाला किंवा गावच्या डॉक्टरला जे विचारता येत नव्हते, ते लोक या मासिकाला पत्राने विचारत. कर्वे उत्तर देत आणि प्रश्न विचारणाऱ्याला उपदेशाचे डोस पाजत नसत.

हेच त्यांना भोवले. १९३१ मध्ये व्यभिचारावरील लेखाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला भरला गेला आणि या वेळी कारण होते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे. कर्वे यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. गोलमेज परिषद आणि पुणे करार नुकते होऊन गेले होते. देशभर नाव झालेल्या या बॅरिस्टरने एका छोट्या मराठी मासिकाचे वकीलपत्र घेतले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील झाले असे नाही, आणि लोक आपल्या अडचणी विचारत असतील तर त्यांना ज्ञान मिळालेच पाहिजे, अशी त्यांच्या युक्तिवादाची दिशा होती. कोर्टाला ते पटले नाही. २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र बंद पडले नाही.

कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी वारले. पुढच्या महिन्याचा अंक हा ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा ठरला. वडील त्या वेळी ९५ वर्षांचे होते. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. मुलाच्या वाट्याला कोणताच किताब आला नाही. पण ज्या विचारासाठी त्यांची नोकरी गेली, तो कुटुंबनियोजनाचा विचार भारत सरकारने १९५२ मध्ये आपला कार्यक्रम म्हणून स्वीकारलेला त्यांना पाहता आला.

कर्वे यांनी न पाहिलेली गोळी

हर्पिसवर त्यांच्या काळात औषधच नव्हते. विषाणूला मारणारे औषध आपल्या पेशींनाही मारणार, असे तेव्हा डॉक्टर धरून चालत. ही समजूत खोटी ठरवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या गर्ट्रूड एलिऑन न्यूयॉर्कजवळ एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होत्या. कर्वे वारले त्याच १९५३ साली त्यांनी तयार केलेल्या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. बाई म्हणून सुरुवातीला त्यांना प्रयोगशाळांनी दारे बंद केली होती आणि त्यांनी पीएच.डी.ही पूर्ण केली नव्हती. पुढे त्यांच्या गटाने १९७० च्या दशकात असायक्लोविर हे औषध विकसित केले. १९८२ मध्ये ते अमेरिकेत वापरात आले आणि १९८८ मध्ये एलिऑन यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

असायक्लोविरची खुबी अशी, की ते विषाणूने पछाडलेल्या पेशीत गेल्यावरच जागे होते. त्याला जागे करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, विषाणू स्वतःच तयार करतो. निरोगी पेशीत ते विकर नसते, त्यामुळे तिला फारसा धक्का लागत नाही. पण यातच औषधाची मर्यादाही आहे. फोड सुकले की विषाणू कण्याच्या खालच्या भागातल्या मज्जातंतूंच्या गाठींत जाऊन झोपतो. झोपलेला विषाणू आपल्या प्रती काढत नाही, म्हणून औषधाला तो सापडत नाही. गोळी हर्पिस मुळापासून घालवत नाही. विषाणू जागा झाला की त्याला तिथेच अडवण्याचे काम ती करते, आणि म्हणून अडवायचे असेल तर ती रोज घ्यावी लागते.

केव्हा सुरू करायची?

पहिल्यांदा फोड आले तर विचार करत बसायचे नाही. लगेच डॉक्टरांना दाखवून सात ते दहा दिवसांचा उपचार घ्यायचा. गरमीचे व्रणही तिथेच येतात, म्हणून तपासणी हवीच. शक्य असेल तर फोडातील द्रवाची पीसीआर चाचणी करावी आणि एचआयव्ही व गरमीसाठी रक्तही तपासावे. नुसत्या आयजीएम रक्तचाचणीवरून हर्पिसचा निष्कर्ष काढू नये, ती भरवशाची नाही.

खरा हिशेब त्यानंतरचा. पहिला आकडा म्हणजे वर्षातून फोड किती वेळा येतात. वर्षात सहा किंवा त्याहून जास्त वेळा आले तर रोजची गोळी, असा डॉक्टरांचा जुना ठोकताळा आहे. अशा रुग्णांत रोजच्या गोळीने फोड येण्याचे प्रमाण ७० ते ८० टक्क्यांनी घटते. पण आता सहाचा आकडा ही लक्ष्मणरेषा मानत नाहीत. वर्षात तीनच वेळा फोड येतात, पण प्रत्येक वेळी आठवडाभर काम बुडते, झोप उडते आणि नवरा-बायकोत अबोला येतो, अशा रुग्णानेही ही गोळी मागावी. उलट वर्षातून एक-दोनदाच आणि सौम्य फोड येत असतील, येण्याआधी मुंग्या किंवा जळजळ स्पष्ट कळत असेल, तर गोळ्या घरात ठेवून पहिल्या चोवीस तासांत सुरू करणे पुरते. दुसऱ्या प्रकारचा विषाणू जास्त वेळा उलटतो, पहिल्या प्रकारचा कमी. त्यामुळे कोणता प्रकार आहे हे कळले तर निर्णय सोपा होतो. काळ जातो तसे फोडही बहुधा विरळ होत जातात.

दुसरा विचार जोडीदाराचा. फोड नसतानाही त्वचेतून विषाणू बाहेर पडू शकतो. एकाला हर्पिस आणि दुसऱ्याला नाही, अशा सुमारे दीड हजार जोडप्यांचा आठ महिने चाललेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. बाधित जोडीदाराला रोज व्हॅलासायक्लोविर दिले तेव्हा दुसऱ्याला लागण होण्याचे प्रमाण शंभरात ३.६ वरून १.९ वर आले. धोका निम्म्यावर आला, शून्यावर नाही. म्हणून निरोध हवा, आणि फोड असताना संबंध टाळायला हवेत. घरात नुकतेच लग्न झाले असेल किंवा मुलाचा विचार चालू असेल, तर फोड कमी वेळा येत असले तरी गोळीचा विचार करावा.

तिसरा प्रसंग गरोदरपणाचा. आईला हर्पिस आहे हे डॉक्टरांना माहीत असेल तर साधारण ३६व्या आठवड्यापासून रोजची गोळी देतात. बाळंतपणाच्या वेळी फोड असले तर सिझेरियन करतात. बाळाला जन्मताना झालेली लागण जिवावर बेतू शकते. सगळ्यात जास्त धोका आईला शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदाच लागण झाली तर असतो. इथे लाज बाळगली तर तिची भरपाई बाळाला करावी लागते.

एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांचे प्रमाण आणि डोस वेगळे असतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस कमी करावा लागतो. खान्देशातल्या मे महिन्याच्या उन्हात तर ही गोळी घेणाऱ्याने पाणी भरपूर प्यावे. वर्षानुवर्षे रोज असायक्लोविर घेतलेल्या रुग्णांत ते सुरक्षित ठरले आहे, तरी ते जन्मभर चालू ठेवण्याचे बंधन नाही. वर्षभराने डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवून पाहावे. थांबवल्यावर एकदा फोड येणे स्वाभाविक असते. दोन वेळा येईपर्यंत वाट पाहून पुढचे ठरवावे.

एक गोष्ट मात्र घरोघरी पोहोचायला हवी. पहिले फोड लागण झाल्यानंतर काही वर्षांनीही येऊ शकतात, आणि तोवर माणसाला काहीच कळलेले नसते. ओठांवरचा विषाणूही खाली जाऊ शकतो. म्हणून आज फोड दिसले याचा अर्थ नवऱ्याने किंवा बायकोने गेल्या महिन्यात बाहेर काही केले, असा होत नाही. या एका गैरसमजापायी संसार मोडायला नको.

विचारायचे कुठे?

गुप्तरोगांसाठी सरकारने जिल्हा रुग्णालये आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सुरक्षा क्लिनिक या नावाने केंद्रे चालवली आहेत. तिथे तपासणी व उपचार मोफत असतात आणि माहिती गुप्त ठेवली जाते. लक्षणांप्रमाणे औषधांचे रंगीत संच देतात. हर्पिसच्या व्रणासाठीच्या लाल संचात सात दिवसांच्या असायक्लोविरच्या गोळ्या असतात. रोजचा उपचार ठरला तर वर्षाचा खर्च आधीच विचारून घ्यावा आणि जेनेरिक गोळी लिहून द्यायला सांगावे. घराबाहेर पडायचा धीर होत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर आधी फोन करता येतो.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्यावा. त्यावर गेल्या वर्षात फोड किती वेळा आले, किती दिवस राहिले, किती दिवस काम बुडाले, जोडीदाराला काही त्रास आहे का आणि मुलाचा विचार आहे का, एवढे लिहावे. पाच ओळींत सगळा हिशेब येतो. शंभर वर्षांपूर्वी असा कागद पोस्टाने मुंबईला एका गणिताच्या प्राध्यापकाकडे पाठवावा लागे आणि त्याचे उत्तर छापल्याबद्दल त्याला दंड भरावा लागे. आज तो कागद आपल्याच जिल्ह्यातल्या डॉक्टरांसमोर ठेवता येतो, आणि त्यावर औषधही आहे.